सर्व्हर एकदा विकत घेतला, मग माणशी पैसे कशाचे?

खतावणी · सोम, ०९/०६/२०२५ - १०:१४

नमस्कार मंडळी,

मी मुळात अकाउंट्सचा माणूस. सहा वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला, तेव्हापासून आमच्या वर्कशॉपचा आयटी विभागही मीच.

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्क आहे. ऑफिसात १८ जण. खाली शॉपफ्लोअरवर तीन पाळ्या, पाळीला १४ ऑपरेटर, म्हणजे ४२. ऑपरेटर मशीनजवळच्या ६ पीसींवर जॉब कार्ड भरतात. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), टॅली, ड्रॉइंगची फोल्डरं, सगळं एकाच सर्व्हरवर. तो विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आहे आणि हल्ली सुरू होताना कडबाकुट्टीसारखा आवाज करतो. मालकांनी एकदाचा नव्याला होकार दिला, म्हणून कोटेशन मागवलं.

यंत्र, विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड, १६ कोअर. इथवर समजलं. त्याखाली दोन ओळी आहेत: 'विंडोज सर्व्हर यूजर कॅल, ६० नग' आणि 'आरडीएस यूजर कॅल, ५ नग'. या दोन ओळींची रक्कम सर्व्हरच्या लायसनच्या दुपटीवर जाते. (आकडा लिहीत नाही, व्हेंडर इथे वाचत असेल.)

मालक म्हणाले, "टेम्पो घेतला तेव्हा त्यात माल चढवणाऱ्या हमालांमागे कंपनीनं पैसे मागितले होते का?" मला उत्तर देता आलं नाही.

तर हे कॅल नक्की काय असतं? खरंच ६० लागतील? आणि घेतलेच नाहीत तर सर्व्हर चालायचा थांबतो का?

---

चहाबाज · सोम, ०९/०६/२०२५ - १०:२०

मी पयला!

टेम्पोचं माहीत नाही, पण शेअर रिक्षात सीटप्रमाणेच द्यावे लागतात. मालकांना सांगा, आपण टेम्पो नाही, शेअर रिक्षा घेतली आहे.

---

आरजे पंचेचाळीस · सोम, ०९/०६/२०२५ - ११:०३

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही थांबत. घोळ तिथेच आहे.

कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन. हे सॉफ्टवेअर नाही. इन्स्टॉल करायला काही नसतं, सर्व्हरमध्ये कुठली की टाकायची नसते. सर्व्हरचं लायसन तुम्हाला सर्व्हर चालवायचा हक्क देतं. त्या सर्व्हरकडून काम करून घ्यायचा हक्क मायक्रोसॉफ्ट वेगळा विकते, तो कॅल. शेअरवरची फाइल उघडली, प्रिंट दिली, डोमेनला (सगळ्या पीसींच्या लॉगिनचा एकत्र कारभार) लॉगिन केलं, झालं काम. साधा विंडोज सर्व्हर हे मोजत बसत नाही. मोजायचं तुम्ही आणि कागद जपायचा तोही तुम्ही.

प्रकार दोन. यूजर कॅल माणसाला लागतो. तो माणूस ऑफिसच्या पीसीवरून येवो, लॅपटॉपवरून येवो, घरून येवो, एकच पुरतो. डिव्हाइस कॅल यंत्राला लागतो. मग त्या यंत्रासमोर दिवसभरात चार माणसं बसोत की चाळीस. दरात फरक किरकोळ असतो आणि एकाच कंपनीत दोन्हींची सरमिसळ चालते. उद्या तुम्ही त्याच आवृत्तीचे आणखी दोन सर्व्हर घेतलेत तरी माणसाला पुन्हा कॅल नको, तोच सगळीकडे चालतो.

तुमच्या व्हेंडरनं १८ अधिक ४२ बरोबर ६० केलंय. बेरीज बरोबर आहे, हिशोब चुकलाय. ४२ ऑपरेटर जर फक्त त्या ६ पीसींवरच बसत असतील, तर खाली ६ डिव्हाइस कॅल पुरे. वर १८ यूजर. झाले २४.

आरडीएसचं (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) प्रकरण वेगळं आहे, संध्याकाळी लिहितो. साइटवर आहे.

---

खतावणी · सोम, ०९/०६/२०२५ - ११:११

६० चे २४?? थांबा, मी चहा घेऊन येतो.

---

चहाबाज · सोम, ०९/०६/२०२५ - ११:१२

माझाही आणा.

---

पेंग्विनप्रेमी · सोम, ०९/०६/२०२५ - ११:४०

२४ तरी का? शून्य करा. लिनक्स टाका, सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइली शेअर करणारं फुकट सॉफ्टवेअर) टाका, फोल्डर शेअर करा. कॅल हा शब्दच विसरून जाल. २०१२ च्या डिसेंबरात सांबा ४ आलं तेव्हापासून डोमेन कंट्रोलरसुद्धा (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) त्यावर चालतो. मी दोन शाळांत आणि एका पतसंस्थेत बसवून दिलाय.

---

आरजे पंचेचाळीस · सोम, ०९/०६/२०२५ - १२:०५

@पेंग्विनप्रेमी, नुसता फाइल सर्व्हर असता तर मीही तेच म्हटलं असतं. यांची ईआरपी विंडोजवर आहे. ती बनवणारा काय म्हणतो ते आधी विचारायला हवं.

---

खतावणी · सोम, ०९/०६/२०२५ - १२:३०

विचारलं. लिनक्स म्हटल्यावर तो दोन सेकंद गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, विंडोजच घ्या ना."

---

जुनी फ्लॉपी · सोम, ०९/०६/२०२५ - १३:१५

वाचून मन पार मागे गेलं.

१९९५ साली मी एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो. नोव्हेल नेटवेअर ३.१२ (तेव्हाची सर्व्हरची प्रणाली), पंचवीस यूजरचं लायसन. तेव्हा ते ५, १०, २५, ५०, १००, २५० अशा मापातच मिळायचं. आम्हाला तीस हवे होते आणि पन्नासचं परवडत नव्हतं. पण नेटवेअर मोजायचा ते एका वेळी आत असलेल्यांना. गावात पाचशे माणसं असोत, एका वेळी पंचवीस आत, सव्विसावा बाहेर. सर्व्हर स्वतः दारात उभा राहून मोजायचा.

गळीत हंगामात सकाळी दहाला उसाची बिलं सुरू झाली की हॉलमध्ये आरोळी उठायची, "कोण जेवायला गेलंय लॉगिन ठेवून?" मग आमचा शिपाई नामा टेबलाटेबलानं फिरून रिकाम्या खुर्चीसमोरचा पीसी शोधायचा आणि लॉगआउट टाइप करायचा. त्याला इंग्रजीतला तेवढा एकच शब्द लिहिता यायचा आणि सबंध कारखान्यात त्या शब्दाइतकी कुणाच्याच शब्दाला किंमत नव्हती.

सर्व्हर रूममध्ये मॉनिटर नावाचा प्रोग्राम लोड करून ठेवला की काळ्या स्क्रीनवर साप फिरायचा. सर्व्हरवर ताण वाढला की त्याची शेपटी लांबायची. मुकादम लोक साप बघायला यायचे.

एकदा शेजारच्या विभागानं आमच्याच फ्लॉपीवरून दुसरा सर्व्हर उभा केला. दोघांचा सिरियल नंबर एक. नेटवर्कवर दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर कॉपीराइटचा भंग झाल्याचे संदेश येऊ लागले. चेअरमनसाहेब नेमके तेव्हाच हॉलमध्ये.

---

चहाबाज · सोम, ०९/०६/२०२५ - १३:२२

काका, नामाला दंडवत. वेगळा धागा काढा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खतावणी · सोम, ०९/०६/२०२५ - १४:०२

काका, मस्त. पण यावरून एक शंका. आमच्याकडेही एका पाळीत १४ च ऑपरेटर असतात. मग ४२ ऐवजी १४ यूजर कॅल का नाही चालत? आणि ते सगळे 'स्टोअर१' या एकाच नावानं लॉगिन करतात. मग एकच यूजर झाला ना?

---

आरजे पंचेचाळीस · सोम, ०९/०६/२०२५ - १९:४८

नाही. हे दोन्ही गैरसमज निम्म्या एमआयडीसीत आहेत, त्यामुळे लाजू नका.

काकांचा नेटवेअर मोजायचा 'एका वेळी आत किती'. विंडोजच्या कॅलमध्ये वेळेचा संबंध नाही. विंडोज एनटीच्या काळात 'पर सर्व्हर' नावाचा पर्याय होता, तो एका वेळच्या जोडण्यांवर चालायचा, पण तुमच्या कोटेशनमधल्यासारखा कॅल डिव्हाइसला किंवा माणसालाच. रात्रपाळीचा ऑपरेटर दिवसा घरी झोपलेला असला तरी यूजर कॅलच्या हिशोबात तो एक माणूस. म्हणून ४२.

आणि लॉगिन मोजत नाहीत, हाडामांसाचा माणूस मोजतात. 'स्टोअर१' मागे बेचाळीस माणसं असतील तर बेचाळीस.

एनटी, २०००, २००३ मध्ये लायसन लॉगिंग नावाची सर्व्हिस असायची, ती मोजायचा प्रयत्न करायची आणि आकडे भलतेच दाखवायची. २००३ मध्ये ती बंदच ठेवून यायची, २००८ मध्ये गेलीच. तेव्हापासून सगळा कारभार प्रामाणिकपणावर आणि ऑडिटवर.

आता आरडीएस. रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर येऊन तिथलाच डेस्कटॉप वापरणाऱ्याला साधा कॅल आणि आरडीएस कॅल असे दोन्ही लागतात. एक घेतला म्हणून दुसरा सुटत नाही. सर्व्हरची देखभाल करायला दोन रिमोट सेशन फुकट असतात. ती देखभालीपुरतीच. टॅलीत व्हाउचर टाकणं ही देखभाल नव्हे.

आरडीएसला मात्र लायसन सर्व्हर असतो आणि तो मोजतो. सुरुवातीला १२० दिवस सवलत. एकशे एकविसाव्या दिवशी दार बंद. मी हे एका क्लायंटकडे मार्चच्या २९ तारखेला पाहिलं आहे. तिथल्या अकाउंटंट बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

---

जुगाडू · सोम, ०९/०६/२०२५ - २०:१०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक मंडळ · सोम, ०९/०६/२०२५ - २०:२५

सवलतीचे १२० दिवस पुन्हा पुन्हा कसे मिळवायचे याच्या कृती इथे देऊ नयेत. वरील प्रतिसाद सदस्यानं स्वतःच काढला आहे, त्याबद्दल आभार.

---

जुगाडू · सोम, ०९/०६/२०२५ - २०:३१

मी फक्त पाककृती देत होतो. हलके घ्या.

---

रात्रपाळी · मंगळ, १०/०६/२०२५ - ०२:१७

नावाप्रमाणे रात्रपाळीत वाचतेय. नाशिकमध्ये एका हॉस्पिटलचं आयटी बघते.

आमच्याकडे नर्सिंग स्टेशनं अकरा, नर्सेस सव्वाशेच्या वर, पाळ्या तीन. तिथे सरळ डिव्हाइस कॅल. डॉक्टर मात्र यूजर कॅलवर, कारण एकेक डॉक्टर ओपीडीत एका पीसीवर, वॉर्डात दुसऱ्या, घरून लॅपटॉपवर, आणि टॅब वेगळाच. त्यामुळे खतावणी, आरजेदादांचं गणित पटतं. पण एक सांगते. हजेरीपट बघून मोजू नका. एक दिवस सकाळी सहाला जाऊन खाली उभ्या राहा (किंवा राहा उभे!). मी मोजायला गेले तेव्हा कागदावर अकरा स्टेशनं होती आणि प्रत्यक्षात बारावा पीसी लिनन रूममध्ये निघाला. तिथल्या मावशी त्यावर चादरींची नोंद करत होत्या, चार वर्षं, सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधल्या फाइलमध्ये. कुणालाच पत्ता नाही.

दुसरं. तुमचा सर्व्हर डोमेनमध्ये आहे की वर्कग्रुपमध्ये (म्हणजे डोमेनशिवाय)? हे विचारतेय कारण आम्ही आमच्या छोट्या शाखेत पोळलो आहोत. तिथे सर्व्हर २०१९ होता, वर्कग्रुपमध्ये, आणि व्हेंडरनं आरडीएसचे यूजर कॅल टाकून दिले. पहिल्या दिवसापासून बिलिंगच्या मुली सांगायच्या, "मॅडम, बरोबर तासाभरानं बाहेर फेकतो." आधी इंटरनेटवाल्याला बोलावलं. मग यूपीएस बदलला. मग स्विच. एका मुलीनं तर मोबाइलवर ५५ मिनिटांचा अलार्म लावला होता, वाजला की बिल सेव्ह करायचं. तीन आठवड्यांनी कळलं की यूजरवाला आरडीएस कॅल ॲक्टिव्ह डिरेक्टरीशिवाय, म्हणजे डोमेनशिवाय, चालतच नाही. वर्कग्रुपमध्ये २०१९ पासून पुढचा सर्व्हर साठ मिनिटांनी सेशन तोडतो. तिथे डिव्हाइसवालाच लागतो. तोवर यूपीएसचे पैसे गेले होते.

---

खतावणी · मंगळ, १०/०६/२०२५ - ०९:३०

रात्रपाळी ताई, साष्टांग. (आणि उभेच राहीन, मी पुरुष आहे.)

आमचा सर्व्हर वर्कग्रुपमध्ये आहे. म्हणजे आता मला कळलं की जे आहे त्याला वर्कग्रुप म्हणतात. कोटेशनमध्ये आरडीएस 'यूजर' कॅल आहेत आणि डोमेनचं नाव नाही. म्हणजे आमच्याकडेही अलार्म लागले असते.

---

आरजे पंचेचाळीस · मंगळ, १०/०६/२०२५ - ०९:४४

ताईंनी तुमचे तीन आठवडे वाचवले.

स्टँडर्ड लायसननं यंत्राचे सगळे कोअर झाकले असले (किमान १६ घ्यावेच लागतात) तर त्यावर दोन व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरनं उभे केलेले) चालवता येतात. एकावर डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर ईआरपी आणि रिमोट डेस्कटॉप. जादा लायसन नको. व्हेंडरला हे कोटेशनमध्येच लिहायला सांगा.

---

वसुली खातं · मंगळ, १०/०६/२०२५ - ११:०८

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे जुन्या सर्व्हरचे २०१२ चे दहा कॅल पडून आहेत. ते नव्याला चालतात का? आणि ऑफिसात सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, त्यात हे येत नाही का?

---

आरजे पंचेचाळीस · मंगळ, १०/०६/२०२५ - ११:३६

नाही चालत. कॅल खालच्या आवृत्तीला चालतो, वरच्या नाही. २०२५ चा कॅल २०२२, २०१९ सगळ्यांना चालेल. २०१२ चा २०२२ ला नाही. म्हणून खतावणींनाही सुचवेन, सर्व्हर २०२२ घेतला तरी कॅल २०२५ चे मिळत असतील तर तेच घ्या.

३६५ मध्ये ई३, ई५ (मोठ्या कंपन्यांचे प्लॅन) वाल्यांना सर्व्हरच्या कॅलचा हक्क मिळतो. बिझनेस नावाच्या प्लॅन्समध्ये, प्रीमियम धरून, नाही. छोट्या ऑफिसात बहुतेक बिझनेसच असतं.

---

पेंग्विनप्रेमी · मंगळ, १०/०६/२०२५ - १२:१५

बघा म्हणजे. दुकानात शिरायला तिकीट, जिना चढायला तिकीट, आणि जिना नवा केला की जुनं तिकीट रद्द. आणि तुम्ही लोक कोणतं तिकीट स्वस्त याची चर्चा करताय.

---

जुनी फ्लॉपी · मंगळ, १०/०६/२०२५ - १२:४०

पेंग्विनराव, राग समजतो. पण एक बाजू अशीही. पंचवीस माणसांच्या कारखान्याला आणि पंचवीस हजारांच्या बँकेला एकच सर्व्हर एकाच भावात विकायचा तर भाव बँकेच्या ऐपतीचा लागला असता. माणशी मोजणीमुळे लहान माणसाला आत येता येतं. मला त्या पद्धतीचा राग नाही. राग याचा आहे की पूर्वी सर्व्हर दारात सांगायचा, 'जागा नाही'. आता दार सताड उघडं, आणि हिशोब तीन वर्षांनी मागतात.

---

पेंग्विनप्रेमी · मंगळ, १०/०६/२०२५ - १२:५२

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीच्याशी नाही.

---

कोर्टाची पायरी · मंगळ, १०/०६/२०२५ - १५:२०

वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

'न घेतले तर काय' याचं कायद्याच्या अंगानं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. अनधिकृत प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पण इथे सर्व्हरची प्रत अस्सल आहे, कॅल कमी आहेत. हे ६३ब मध्ये बसतं की नुसता कराराचा भंग, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. व्यवहारात तिथवर जात नाही. आधी कराराप्रमाणे ऑडिटचं पत्र येतं, मग तुटीचे कॅल घ्यायला लावतात. तेव्हा घासाघीस करायची ताकद तुमच्या हातात नसते.

अवांतर: आपल्या कायद्यात संगणक प्रणाली ही साहित्यकृतीच्या व्याख्येत येते. त्यामुळे विंडोज सर्व्हर ही कायद्यानं साहित्यकृती आहे.

---

चहाबाज · मंगळ, १०/०६/२०२५ - १५:२४

तरीच. वाचायला कंटाळवाणी, पानं फार, आणि पुढची आवृत्ती निघाली की आधीच्या चुका दिसतात.

---

श्टुटगार्टकर · मंगळ, १०/०६/२०२५ - १८:०५

इथला एक किस्सा याला अगदी जोडून आहे. युरोपच्या न्यायालयानं ३ जुलै २०१२ ला यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात निकाल दिला की वापरलेलं, कायमस्वरूपी सॉफ्टवेअर लायसन पुढे विकता येतं. ते लायसन नेमकं सर्व्हरवरच्या डेटाबेसचं, माणशी मोजणीचंच होतं. ओरॅकल ते २५-२५ च्या गठ्ठ्यात विकायची. २७ माणसं असली तर दोन गठ्ठे, म्हणजे २३ जागा वाया. न्यायालय म्हणालं, लायसन विका, पण गठ्ठा फोडून उरलेल्या २३ जागा वेगळ्या विकता येणार नाहीत.

म्हणजे तुमच्या पंचवीसच्या गठ्ठ्याचं दुखणं थेट लक्झेंबर्गपर्यंत पोचलंय, फ्लॉपीकाका.

---

जुनी फ्लॉपी · मंगळ, १०/०६/२०२५ - १८:३०

नामाला पाठवायला हवं होतं तिकडे.

---

वसुली खातं · मंगळ, १०/०६/२०२५ - २०:४४

ऑनलाइन एका ठिकाणी ५० आरडीएस कॅल दोन हजारांच्या आत मिळतायत, लायसनची की ईमेलवर येते. कुणी घेतलेत का?

---

रात्रपाळी · बुध, ११/०६/२०२५ - ०१:५५

की टाकली की लायसन सर्व्हर मान हलवेल, ते खरं. पण ऑडिटला की दाखवत नाहीत, खरेदीचा कागद दाखवतात. आरजेदादांनी वर लिहिलंय तेच, कॅल म्हणजे कागद. त्या दोन हजारांत नेमका कागदच येत नाही.

---

खतावणी · शनि, १४/०६/२०२५ - १६:२०

मंडळी, तीन दिवस गायब होतो कारण ताईंचं ऐकून खरंच मोजायला उभा राहिलो. दुसरी पाळी सुटून तिसरी लागते तेव्हा, रात्री अकराला. वृत्तांत देतो.

ऑपरेटर त्या ६ पीसींवरच बसतात हे खरं. पण ऑफिसच्या १८ पैकी डिस्पॅचचे तिघं एकाच पीसीवर आळीपाळीनं काम करतात, दुसरीकडे कुठे जात नाहीत. आणि जिन्याखाली दोन पंचिंग मशिनं आहेत, ती रोजची हजेरी थेट सर्व्हरवरच्या डेटाबेसात लिहितात. ही मोजायची का? आणि दर तिमाहीला ऑडिटला सीएंकडची आर्टिकलशिपची मुलं येतात, आपापले लॅपटॉप घेऊन, आठ दिवस आमच्या सर्व्हरवर. त्यांचं काय?

---

आरजे पंचेचाळीस · शनि, १४/०६/२०२५ - १७:०५

पंचिंग मशीन सर्व्हरशी बोलतंय ना, मग डिव्हाइस कॅल, प्रत्येकी एक. काही लोक म्हणतात मध्ये एक साधा पीसी ठेवा, सगळी मशिनं त्याला बोलतील आणि सर्व्हरला फक्त तो पीसी दिसेल. हा उपाय मायक्रोसॉफ्टनं आधीच बंद केलाय, त्याला ते मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. मध्ये कितीही नळ्या जोडा, मोजायचं ते शेवटच्या टोकाला.

ऑडिटची मुलं: कंपनीच्या आवारात बसून काम करणारे बाहेरचे लोकही तुमच्याच मोजणीत धरतात. मुलं दर वेळी बदलणार. कॅल एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो, पण दर ९० दिवसांतून एकदाच. तुमच्या आठ दिवसांच्या ऑडिटला ते झेपणार नाही. एक जुना पीसी ऑडिटचा म्हणून ठेवा, त्याला डिव्हाइस कॅल द्या, मुलांना लॅपटॉपवरून सर्व्हरवर येऊ देऊ नका.

---

चहाबाज · शनि, १४/०६/२०२५ - १७:११

आणि प्रिंटर? त्यालाही कॅल?

---

आरजे पंचेचाळीस · शनि, १४/०६/२०२५ - १७:१८

हसू नका. प्रिंटरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) विंडोज सर्व्हर वाटत असेल तर तोही सर्व्हरची सेवा घेतोय असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं. आयपी राउटरला वाटू द्या आणि विषय संपवा.

---

पेंग्विनप्रेमी · शनि, १४/०६/२०२५ - १७:२५

मी काही बोललो नाही.

---

खतावणी · शनि, १४/०६/२०२५ - १८:४०

मग असं झालं. यूजर: १८ मधून डिस्पॅचचे ३ वजा, १५. डिव्हाइस: शॉपफ्लोअर ६, डिस्पॅच १, पंचिंग २, ऑडिट १, म्हणजे १०. एकूण २५. आरडीएसचे ५ यूजरवालेच ठेवतो (तळवड्याच्या गोडाऊनमधले दोघं, मालक, त्यांची मुलगी आणि मी, पाचही त्या १५ मधलेच), पण डोमेनसकट.

एकच उरलं. ईआरपीचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर आहे. त्याला पण कॅल असतात असं ऐकलं.

---

आरजे पंचेचाळीस · शनि, १४/०६/२०२५ - १८:५५

कोणती एडिशन? एक्सप्रेस असेल तर फुकट, कॅल नाही, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत डेटाबेस १० जीबीच्या पुढे वाढत नाही. स्टँडर्ड असेल तर त्याचे कॅल पुन्हा वेगळे, किंवा कोअरच्या हिशोबानं घ्यायचं, मग माणसं मोजायची गरज नाही.

---

खतावणी · शनि, १४/०६/२०२५ - १९:०२

एक्सप्रेस आहे. आत्ता पाहिलं. साडेसहा जीबी.

---

आरजे पंचेचाळीस · शनि, १४/०६/२०२५ - १९:०४

जुनी ड्रॉइंगं डेटाबेसच्या आत ठेवू नका. दोन वर्षं निघतील.

---

खतावणी · मंगळ, १७/०६/२०२५ - १३:१०

सुधारित कोटेशन आलं. यूजर १५, डिव्हाइस १०, कॅल २०२५ चे. व्हेंडर म्हणाला, "सर, तुम्ही कुठे क्लास लावलात का?" मालकांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, पानभर आकडे पाहिले आणि एकच विचारलं, "पंचिंग मशीनचा वेगळा आणि माझाही वेगळा?" म्हटलं हो. तेव्हापासून ते जाता-येता त्या मशिनाकडे जरा रागानं बघतात.

---

जुनी फ्लॉपी · मंगळ, १७/०६/२०२५ - १३:३२

कॅलचे कागद कुठे ठेवणार? ईमेलवर ठेवू नका. प्रिंट काढून सर्व्हरच्या बिलाला टाचणी लावा आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. तुमच्यानंतर तो प्रिंटरमधला कागद काढणारा कुणीतरी दुसराच असेल.

---

खतावणी · मंगळ, १७/०६/२०२५ - १३:४०

लाल फाइल केली आहे काका. पाठीवर लिहिलंय: 'कॅल. फेकू नये.'